पांढऱ्या घोडीचं डावं अंग

ती घटना आजही आठवली की माझा उजवा हात आपोआप खिशात जातो. तेव्हा मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका लहान ठाण्याचा प्रभारी होतो. जिल्ह्यात दारूबंदी, त्यामुळे आमचा अर्धा दिवस दारू पकडण्यात जायचा. स्वभावानं मी संशयी. घरी दूध उतू गेलं तरी गॅस कोणी मोठा केला याची चौकशी करायचो. वर्दीबरोबर तो संशयही खुंटीला अडकवत जा, असं बायको म्हणायची.

आमचा एक जुना खबऱ्या होता. त्याच्या तीन-चार खबरा खऱ्या निघाल्या होत्या, म्हणून ठाण्यात त्याला चहा मिळायचा. एका सकाळी तो येऊन म्हणाला, "साहेब, आज दुपारी नाल्याच्या वाटेनं पांढरी घोडी येणार, माल लादलेली. माणूस मागं लांब रायते, चाहूल लागली का जंगलात घुसते. आन् माल डाव्या अंगानं उतरवू नका, लाथ मारते."

दुपारी आम्ही नाल्यावर दबा धरला. घोडी आली, एकटीच. मागचा माणूस पळाला. आम्ही उजव्या अंगानं गोण्या सोडल्या, आत देशी दारूच्या पेट्या होत्या. गोण्यांखाली, डाव्या बरगड्यांवर, पेटीच्या कोपऱ्यानं घासून तळहाताएवढी जखम झाली होती. ती मी पंचनाम्यात लिहून घेतली आणि विसरलो. पेट्या मुद्देमालाच्या खोलीत गेल्या. घोडी खोलीत कशी ठेवणार? ती ठाण्यामागच्या कडुलिंबाला, जप्तीच्या मोटारसायकलींशेजारी बांधली.

मालक कोण, हे कोणी सांगेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कायद्याच्या पुस्तकात नसलेली युक्ती केली. घोडीचा दोर सोडला आणि एका हवालदाराला घेऊन तिच्यामागं चालत निघालो. लंगडत लंगडत ती शेजारच्या गावात गेली आणि एका घराच्या कुडावरून तिनं मान आत घातली. आतून एक म्हातारा धावत आला आणि तिच्या गळ्यात पडून रडू लागला. पूर्वी तो टांगा चालवायचा, नंतर ही घोडी वरातींना न्यायचा. सगळी पंचक्रोशी त्याला चाचा म्हणायची. मी मनात म्हटलं, सापडला.

चाचाला आणि घोडीला ठाण्यात आणलं. तो एकच सांगत राहिला, "माझे गुडघे गेले, साहेब. चारा आनाले होत नव्हता. बाजारात एक जण भेटला. वरातीले लावतो, पोटभर खाऊ घालतो म्हणाला. मी तशीच देऊन टाकली. नाव नाई विचारलं."

"जिवापाड जपलेली घोडी देतोस आणि नाव विचारत नाहीस?"

"तिले त्यानं लई मायेनं हात लावला होता. मले तेवढंच दिसलं."

मला ही थाप वाटली. त्याचं रडणंही नाटक वाटलं. दुपारपर्यंत मी तेच प्रश्न उलटसुलट विचारले. माल कोणाचा, विचारलं, तर तो म्हणाला, "तिच्या जखमेले हळद लावली का?" माझं डोकं फिरलं. मी हात उगारला. म्हाताऱ्यानं डोळे मिटून मान खाली घातली आणि म्हणाला, "मारा. पन आधी तिले पानी दाखवा, उन्हात उभी आहे."

हात तसाच राहिला, कारण त्याच वेळी मागं आरडाओरडा झाला. घोडीला सावलीत न्यायला गेलेल्या हवालदाराला लाथ बसली होती. तो मांडी चोळत आला. "डाव्या अंगाले जाऊच देत नाई, साहेब."

चाचानं मान वर केली. "कसं शक्य आहे? साऱ्या गावचे नवरदेव डाव्याच अंगानं चढले तिच्यावर. एका लाथेची तक्रार नाई आली."

मी खुर्चीत बसलो. ती जखम ताजी होती आणि गोण्यांनी झाकलेली. मग माल डाव्या अंगानं उतरवू नका, हे खबऱ्याला कसं ठाऊक?

त्याला बोलावलं, चहा दिला. "घोडी तू पाहिली कुठून?"

"टेकडीवरून, साहेब. जवळ गेलोच नाई."

"मग डाव्या अंगाचं कसं कळलं?"

त्याचा कप तोंडापर्यंत गेलाच नाही. "ऐकलं कुठीतरी," म्हणाला. मी दार उघडून चाचाला आत घेतलं. चाचा त्याच्याकडं बघून एवढंच म्हणाला, "हाच." झडतीत खबऱ्याच्या गोठ्यात घोडीचा लगाम सापडला, चाचानं लाल दोऱ्यानं शिवलेला. मग तो बोलला. माल त्याचाच होता, मागं चालणारा माणूसही त्याचाच. घोडी लंगडू लागली होती, ओझं पेलवत नव्हतं. बसवून खाऊ घालण्यापेक्षा त्यानं ती आमच्या हवाली केली. पोलिसांत वट वाढली असती आणि घोडी चाचाची हे सगळ्यांना माहीत, म्हणजे संशयही तिकडंच गेला असता. गेलाच होता.

त्याच्यावर दारूबंदीबरोबर प्राण्यांना क्रूरपणे वागवल्याचंही कलम लावलं. पशुवैद्यकाचा दाखला जोडला. न्यायालयानं घोडी सुपुर्दनाम्यावर, म्हणजे सांभाळण्याच्या हमीवर, चाचाला दिली. चाऱ्याची सोय गावातल्या दोन शेतकऱ्यांनी केली.

ती घोडी कामाच्या ठिकाणी जाईल, असं मी धरून चाललो होतो. ती माया होती तिथं गेली आणि तीच माया मी गुन्ह्याचा पुरावा म्हणून लिहून घेतली. संशय घ्यायला मला सरकारनं शिकवलं होतं, पण खबऱ्यावरही तो घ्यावा, हे माझ्या डोक्यात आलं नाही. त्यानंतर चौकशीत मी हात टेबलावर ठेवून बसायला लागलो.

बदली झाली तेव्हा गूळ घेऊन चाचाकडं गेलो. जखम भरली होती, तिथं केस मात्र आले नव्हते. थोपटायला हात नेला तर घोडीनं मान झटकली.

"वरून नका आनू, साहेब," चाचा म्हणाला. "खालून आना, उघडा. वरून आलेला हात तिले मारच वाटते."

मी हात खाली घेतला, तळव्यावर गूळ ठेवला. तिनं हुंगला, खाल्ला नाही. मी कसाबसा म्हणालो, "चाचा, त्या दिवशी माझं चुकलं."

त्यानं तिची आयाळ सारखी केली. "टाइम लागते तिले, साहेब," तो म्हणाला. "मलेबी लागंल."