घेऊ आणि नका

डोळ्यांच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीमागे बसणाऱ्या बाईंना आम्ही पाठीमागे वेलांटीबाई म्हणायचो. कुणाच्याही केसपेपरवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की त्या लाल पेन काढायच्या, मग तो डॉक्टरांचा असो नाहीतर माझ्यासारख्या नर्सचा. त्यांना हे नाव ठाऊक होतं आणि बहुधा आवडतही होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी प्रत्येक पेशंटला फोन करून सूचना द्यायचं काम त्यांच्याकडेच होतं. रोज तीस-चाळीस फोन. घसा बसायचा. बावन्नाव्या वर्षी त्या मोबाईलवरचे धडे बघत पायथॉन ही संगणकाची भाषा शिकल्या आणि फोनऐवजी मेसेज पाठवणारा प्रोग्राम त्यांनी लिहिला. आमच्या मेसेज पाठवायच्या जुन्या यंत्रातून एका वेळी सत्तर अक्षरंच जायची, त्यात काना, मात्रा आणि मोकळी जागाही वेगळी मोजली जायची. म्हणून प्रोग्राम लांब मजकुराचे सत्तर-सत्तरचे तुकडे करून एकामागून एक पाठवायचा. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. "आता गळ्याला सुट्टी," म्हणाल्या.

चार महिने सगळं सुरळीत चाललं. मग एके सकाळी आमच्या पायऱ्यांवर ऑपरेशनसाठी आलेले एक म्हातारे शिंपीकाका घामाघूम होऊन कोसळले. सोबतची सून किंचाळली. आम्ही धावलो. रक्तातली साखर पार खाली गेली होती. ग्लुकोज दिल्यावर ते शुद्धीवर आले, पण पडताना उजवं मनगट खाली आलं होतं. हाड दोन ठिकाणी मोडलं.

"उपाशीपोटी साखरेची गोळी का दिलीत?" डॉक्टरांनी सुनेला विचारलं.

"तुम्हीच कळवलंत ना!" तिने फोन पुढे केला.

मेसेज होता: 'उद्या सकाळी आठ वाजता उपाशीपोटी या. येण्यापूर्वी तुमची साखरेची गोळी घेऊ'. तिथेच संपलेला.

"शेवटचा 'न' राहिला असेल, 'घेऊन या' म्हणायचं असेल, असं वाटलं मला," सून म्हणाली. "मामंजींना दिसत नाही, मीच वाचून दाखवलं."

दुसरा तुकडा दुपारी आला. तो सुरूच होत होता 'नका' या शब्दाने.

वेलांटीबाईंनी पहिला तुकडा वाचला आणि बोटाने अक्षरं मोजली. बरोबर सत्तर. "मी शब्द पाहिलेच नाहीत गं," त्या मला म्हणाल्या. "नुसते आकडे मोजले. आपल्या भाषेत नाही म्हणायचं ते शेवटी येतं, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का?"

व्यवस्थापकांनी त्यांना खोलीत बोलावलं. "मेसेज उशिरा पोचला, दोष फोन कंपनीचा. तुम्ही लेखी काही देऊ नका," असा त्यांचा सल्ला. बाईंनी नकारार्थी मान हलवली आणि संध्याकाळी मला सोबत घेऊन थेट शिंपीकाकांचं घर गाठलं.

दुकानामागच्या खोलीत काका पलंगावर होते, हात प्लास्टरमध्ये. कापलेले, अर्धवट शिवलेले कपडे खुर्चीवर पडले होते. बाईंनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. सुनेने ऐकून घेतलं आणि ती दार उघडून उभी राहिली. "सांगितलंत, झालं. आता निघा."

"थांब जरा," काका म्हणाले. मग बाईंकडे वळून, "हा हात कात्री धरेल का, तेवढं तुमच्या डॉक्टरांना विचारून सांगा."

आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी व्यवस्थापकांच्या टेबलावर स्वतःची चूक सहीनिशी लिहून ठेवली, आणि आठवडाभर जुन्या पद्धतीने फोन करता करता प्रोग्राम नव्याने लिहिला. आता तो वाक्य संपल्याशिवाय तोडायचा नाही. प्रत्येक तुकड्यावर 'तीनपैकी एक', 'तीनपैकी दोन' असं लिहिलेलं असायचं. त्या क्रमांकालाही जागा लागते, म्हणून आधी तुकडे किती होतील ते मोजून मगच मजकूर कापायचा. सूचनाही त्यांनी बदलल्या. 'घेऊ नका' सुरुवातीला, गोळीचं नाव नंतर. पहिल्या तुकड्यात ताकीद: सगळे भाग आले नाहीत तर फोन करा. त्यांनी मला एकेक मेसेज मोठ्याने वाचायला लावला, मधला एखादा तुकडा मुद्दाम गाळून, तरी अर्थ उलटत नाही ना ते पाहायला.

चौकशी झाली. बाईंना ताकीदपत्र मिळालं आणि संगणकाचं काम काढून घेतलं गेलं. त्यांचा प्रोग्राम मात्र तसाच ठेवला. तो आता दुसरं कुणीतरी चालवतं.

काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन तीन महिन्यांनी झालं. पट्टी काढली तेव्हा त्यांना भिंतीवरचं बारीक अक्षरही वाचता आलं. मनगट मात्र पुरतं वळत नाही. कापड सून कापते, ते शेजारी बसून खुणा सांगतात. सून अजून बाईंशी बोलत नाही.

वेलांटीबाई खिडकीवर बसतात. लाल पेन आता कुणाच्या कागदावर चालत नाही. परवा मी मुद्दाम एक वेलांटी चुकवून पेपर पुढे सरकवला. त्यांनी तो पाहिला, शिक्का मारला आणि पुढच्या पेशंटला हाक दिली.