बाटलीवरचा अंगठा

चामटोलीच्या सगुणाबाईला अंबरनाथच्या कारखान्यात सगळे 'जाळवाली बाई' म्हणत. प्लास्टिकच्या बाटलीवर शाई धरत नाही, अळूच्या पानावर पाणी धरत नाही तशी. म्हणून छपाईआधी बाटली गॅसच्या निळ्या जाळावरून फिरवायची. कमी फिरली तर छाप नखाने निघतो, जास्त फिरली तर बाटलीच वाकडी होते. सगुणाबाईचं कधी चुकायचं नाही. जाळावरून उतरलेल्या बाटलीच्या बुडावर ती अंगठा ओढून बघे. सरकला तर कच्ची, अडला तर पक्की. अकरा वर्षं या अंगठ्याचा शब्द शेवटचा होता आणि बाईला त्याचा गर्व होता. का नसावा?

१९९४ साली उल्हासनगरच्या शेठनी प्लाझ्माचं यंत्र आणलं. विजेच्या जोराने ते हवेचीच जांभळी ज्योत करी आणि जिथे छापायचं तेवढीच बाजू तयार करून देई. ते चालवायला बदलापूरचा हरिचंद्र आला. शिकलेला, दोन लेकरांचा बाप. "नव्याचे नऊ दिवस," सगुणाबाई म्हणाली. शेठनी तिला यंत्रातून निघालेल्या बाटल्या तपासायला बसवलं.

पंधरवड्यात माल परत आला. केसांच्या तेलाच्या बाटल्यांवरची शाई निघत होती. शेठ हरिचंद्रावर कडाडले, "दो दिन देता हूँ. नाहीतर मशीन भी वापस, तू भी वापस."

सगुणाबाईला आनंदाच्या उकळ्या फुटल्या, खोटं कशाला सांगा! आपला जाळ पुन्हा पेटणार म्हणून ती मनातल्या मनात मांडे खाऊ लागली. दुपारी तिने परत आलेला एक खोका उघडला. शाई सगळीकडची गेली नव्हती. प्रत्येक बाटलीच्या पोटावर, एकाच जागी, एकाच मापाचा डाग उघडा पडला होता. तिने त्यावर अंगठा ठेवून बघितला. तो नेमका बसला.

यंत्र बाटलीच्या बुडाला शिवत नव्हतं. म्हणून पारख करायला ती अंगठा थेट छपाईच्या जागी ओढत होती. हाताचं तेल, घाम तिथे लागत होता आणि त्यावर शाई धरत नव्हती.

ती गप्प राहिली. हरिचंद्र यंत्र खोलत होता, पुन्हा जोडत होता, जेवणाचा डबा न उघडता घरी नेत होता. तरी ती गप्पच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो तिच्यापुढे येऊन बसला. "मावशी, तुम्ही जुन्या आहात. माझं काय चुकतंय, तुम्हीच सांगा."

तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. बाटली घेऊन ती शेठपुढे उभी राहिली. "त्याचा काय पन दोष नाय. यो माझा आंगठा हाय."

शेठनी बाटली वळवून बघितली. "ठीक है बाई. आजसे हात मत लगाना."

यंत्र राहिलं, हरिचंद्र राहिला. गॅसची शेगडी भंगारात गेली आणि सगुणाबाई पॅकिंगला बसू लागली. मावशीसारखं मन कोणाचं नाही, असं हरिचंद्र ज्याला त्याला सांगे. ते तिला सोसत नसे. एका माणसाची भाकरी जाताना बघत आपण दोन दिवस किती निवांत जेवलो, हे तिला ठाऊक होतं, आणि ते त्याला सांगायची हिंमत तिला शेवटपर्यंत झाली नाही.