दोन सीट, हिमनदीपर्यंत

भोकरदनच्या आमच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईंना सगळं गाव नकाशाबाई म्हणायचं. त्यांना कुठलाही पत्ता विचारा, आधी त्या उत्तर दिशा दाखवायच्या. "तहसील कुठंय बाई?" असं कुणी म्हटलं की, "ही बघ उत्तर. आता मुकाट पूर्वेला चाल." लोक हसायचे. मीही हसायचे. उभ्या जागी जिला उत्तर कळते, तिला कुणी भलतीकडे नेऊ शकत नाही, हे मला फार उशिरा कळलं. बाईंना जाऊन आता दोन वर्षं झाली.

तीस वर्षं त्यांनी फळ्यावर हिमनदी शिकवली. पाहिली मात्र एकदाही नव्हती. दुसऱ्या कुणाला त्याचं काही वाटलं नसतं. बाईंना ते टोचायचं. "जी गोष्ट मी पाह्यली न्हाई, तिच्यावरून मी पोरांचे मार्क कापले," असं त्या म्हणायच्या. निवृत्त झाल्या तेव्हा गुडघे कुरकुरायला लागले होते. डॉक्टरांनी चालणं कमी करा म्हणून सांगितलं. बाईंनी त्याचा सरळ अर्थ काढला: चालायचं ते आत्ताच.

ही बातमी आमच्याकडच्या एका साहेबांपर्यंत पोचली. साहेब निवडणुकीला उभे राहणार होते. नऊ दिवसांत सात देश दाखवणारी महागडी टूर ते बाईंना देणार. बदल्यात बाईंनी फक्त स्टेजवर येऊन सत्कार घ्यायचा. गावातल्या शहाण्यांनी सांगितलं, घ्या की, तुमचं काय जातं? मी स्पष्टच लिहिते: आपल्याकडे माणूस विकत घ्यायचा हाच सगळ्यात स्वस्त रस्ता आहे. बाई साहेबांना म्हणाल्या, "मला हिमनदी बघायचीय साहेब. तुमचं स्टेज मी इथंच रोज बघते." आणि त्यांनी आपल्या पेन्शनीतून स्वित्झर्लंडचं विमानाचं तिकीट काढलं. मी दोन वर्षं शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे मोडले आणि त्यांच्यासोबत निघाले. मी तेव्हा एसटीच्या बंद केलेल्या फेऱ्या परत सुरू करा म्हणून पत्रकं वाटत हिंडायचे. बाई मला पत्रके म्हणूनच हाक मारायच्या.

स्वित्झर्लंड महाग आहे, हे मी विमानतळावरच्या चहाचा भाव वाचूनच शिकले. मी हादरले, बाई नाही. "इथं महाग काय आहे, पत्रके? घाई. आपल्याला घाई न्हाई." डोंगरावर नेणाऱ्या रेल्वेचं तिकीट पाहून त्यांनी नकाशा उघडला आणि पायवाट शोधली. गावोगावच्या हौदांचं पाणी पिण्याचं असतं, तेव्हा बाटली तिथं भरायची. जेवायला घरून आणलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. झोपायला एका शेतकऱ्याचा गोठा मिळाला. तिथं पाहुण्यांना वाळल्या गवतावर झोपवतात आणि त्याचं भाडं घेतात. बाई हसून लोळायच्या बाकी राहिल्या. "माझ्या बापानं घनसावंगीत आम्हाला कडब्यावर फुकट झोपवलं. त्याला धंदा कळला न्हाई बिलकुल!"

हिमनदीच्या दरीकडे जाणारी बस आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली. बाईंनी घनसावंगीच्या फाट्यावर करावा तसा हात केला. एक मोटार थांबली. चालवणारी सत्तरीची आजी होती. "टू सीट," बाई म्हणाल्या, मला मागच्या सीटवर ढकललं, स्वतः आत शिरल्या आणि अंग चोरून दाराला चिकटून बसल्या. अजून दोन पासिंजर यायचे म्हणून.

मी कानात सांगितलं, "बाई, ही काळी-पिवळी नाही. त्यांची घरची गाडी आहे."

"मंग थांबली कशाला?"

उतरताना बाईंनी भाड्याची नोट पुढं केली. आजी घेईनात. बाईंचा चेहरा उतरला. साहेबांची टूर नाकारलेली बाई फुकट बसून आली होती! त्यांनी पिशवीतून चार धपाटे काढले, वर चटणीची पुडी ठेवली आणि आजींच्या मांडीवर ठेवून दिले. आजींनी तिथंच घास घेतला, तिखटानं डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसरा घास घेतला. "हां, आता मिंधेपणा न्हाई राहिला," म्हणत बाई खाली उतरल्या.

पुढं तासाभराची चढण. बाई दोनदा दगडावर बसल्या. वाटेत पाट्या होत्या: अमुक साली बर्फ इथवर होता. पाटीमागून पाटी, आणि बर्फाचा पत्ता नाही. माझं डोकं तापलं. "बाई, ही लूट आहे, जग तापवणाऱ्या कंपन्यांची..."

"गप. आधी बघू दे. मंग ओरड."

शेवटी ती दिसली. बाईंनी पुढं होऊन तिला हात लावला. बर्फावर माती, दगडगोटे. भेगांमध्ये तेवढा निळा रंग. खालून राख कालवल्यासारखं पाणी वाहत होतं.

"मातकट आहे गं," बाई म्हणाल्या. "तीस वर्षं मी पांढऱ्या खडूनं काढली. एखाद्या पोरानं अशी काढली असती, तर मी त्याचे मार्क कापले असते." बोलताना त्यांचा आवाज खुशीत होता. आपली चूक सापडल्यावर इतकं खूश झालेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

परत आलो तर भोकरदनच्या स्टँडसमोर हा मोठा फलक. बाईंचा निरोप समारंभातला फोटो, शेजारी हात जोडलेले साहेब आणि खाली मजकूर: 'साहेबांच्या सहकार्याने आमच्या बाईंची विदेशवारी'.

मी रात्रीतून चार पानी पत्रक लिहिलं आणि सकाळी बाईंकडे नेलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"चार पानं? चूक एका अक्षराची आहे."

दहा वाजता बाई स्टँडसमोर होत्या. पेंटरकडून शिडी आणि लाल रंगाचा डबा आणला होता. तसल्या गुडघ्यांनी बाई वर चढल्या. मी शिडी धरली. साहेबांचा एक कार्यकर्ता धावत आला. "ओ बाई, काय करून राह्यल्या? उतरा जल्दी!"

"पेपर तपासून राह्यले. तू कोणत्या बॅचचा?"

त्यानं मान खाली घालून बॅच सांगितली. मग इकडेतिकडे पाहिलं आणि शिडीची दुसरी बाजू धरली.

बाईंनी 'सहकार्याने'मधल्या 'ने'वर लाल फुली मारली आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं: 'शिवाय'. खाली उतरल्या, दोन पावलं मागं सरकून पूर्ण वाक्य वाचलं, पदराला हात पुसले आणि घरी गेल्या.

दुपारी साहेबांच्या माणसांनी फलक उतरवला. तोवर जालन्याच्या दोन आणि संभाजीनगरच्या तीन गाड्या भरून गेल्या होत्या, आणि खिडकी मिळालेल्या प्रत्येकानं तो मोठ्यानं वाचला होता.