उपाशी शेवाळ आणि तेलगावचा सत्कार

आधी चहा संपवा, मग सांगतो. मागे एकदा हे सांगताना ऐकणाऱ्याच्या नाकातून चहा आला होता, आणि शर्ट पांढरा होता बिचाऱ्याचा. माझ्या हातून घडलेला हा प्रकार तेलगावात, म्हणजे माझ्या सासुरवाडीत, माझ्यासमोर अजून कुणी काढत नाही. पाठीमागे काढतात, ते मला माहीत आहे.

मी केजच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. पीएचडीला विषय घेतला समुद्रातल्या घातक सूक्ष्म शेवाळाचा. बीड जिल्ह्यात समुद्र कुठे, असं तुम्ही विचारणार. सगळेच विचारतात. पण मार्गदर्शक मॅडम मिळाल्या कोकणातल्या, त्यांचा विषय तो, मग माझाही तोच. डोळ्याला दिसणार नाही एवढं हे शेवाळ, पण पोषण मिळालं की असं माजतं, की पाणी लाल होतं आणि मासे पटापट मरतात. ते पोषण कसं आणि किती ओढून घेतं, हे मला शोधायचं होतं.

सुट्टीत कॉलेजची प्रयोगशाळा बंद, म्हणून मॅडमच्या परवानगीने शेवाळाचे काचेचे चंबू मी घरी आणले. समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून एसटीने आणलं. कंडक्टरने कॅनवर बोट ठेवून विचारलं, काय आहे यात. मी खरं तेच सांगितलं.

"केजला पाणी न्हाई ते खरं हाय सर," तो म्हणाला, "पर इतकी पाळी आली का?"

घरातला एकुलता एक कूलर शेवाळाच्या खोलीत गेला. आम्ही दोघं नवरा-बायको बाहेर घामाने निथळत बसायचो आणि आत ती मंडळी ट्यूबलाइटच्या उजेडात गार हवा खायची. माझी बायको सुरेखा काही बोलली नाही. नवऱ्याच्या नावामागे एकदाचं 'डॉ.' लागावं म्हणून ती गप्प होती, आणि ते लागायचं नाव घेत नव्हतं.

आता प्रयोग ऐका, सोपा आहे. या शेवाळाची खोड अशी, की फॉस्फरस मिळाला की ते गरजेपेक्षा जास्त ओढतं आणि पोटात साठवून ठेवतं, लग्नात काही पाहुणे जेवतात तसं. मग पुढे काही मिळालं नाही तरी साठ्यावर वाढत राहतं. म्हणून आधी त्याला फॉस्फरसविना ठेवायचं, साठा संपू द्यायचा, पार रोडावू द्यायचं. आणि मग चिमूटभर देऊन ते किती वेगाने ओढतं ते मोजायचं. मॅडमनी बजावलं होतं, बाहेरून फॉस्फरसचा कणही जाता कामा नये. चंबू साबणाच्या पावडरीने धुवायचे नाहीत, तिच्यातही फॉस्फरस असू शकतो. अ‍ॅसिडमध्ये बुडवून ठेवायचे.

अ‍ॅसिड संपलं होतं. कॉलेजकडे मागितलं होतं, ते येईल तेव्हा येईल. पण साबण नाही म्हणजे नाही, मी शब्दाचा पक्का! मग मी परसात बसलो, चुलीतली राख घेतली, काथ्या घेतला आणि एकेक चंबू असा घासला, की त्यात बघून दाढी करावी. सुरेखा म्हणाली, द्या इकडं, मी घासते. मी म्हणालो, तुला जमायचं नाही, ही शास्त्रीय भांडी आहेत. पाण्याची बोंब, त्यामुळे विसळताना हात जरा आखडताच घेतला.

काही दिवसांनी शेवाळ रोडावायला हवं होतं. मी खोलीत गेलो आणि दारातच थबकलो. चंबू तपकिरी झाले होते, दाट! उपाशी माणसाने वजन वाढवावं तसं चाललेलं. मी परत सगळं नव्याने केलं. या वेळी चंबू आणखी मन लावून घासले. शेवाळ आणखी वाढलं.

मी मटकन खाली बसलो. फॉस्फरसशिवाय जगात काही जगत नाही हो! माणूस नाही, झाड नाही, जंतू नाही. आणि माझ्या केजच्या घरात, माझ्या कूलरच्या हवेत, ते जगत होतं. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, हे शक्य नाही, कुणाला बोलू नका, मी येऊन बघते.

मी कुणाला बोललो नाही. फक्त सुरेखाला सांगितलं. तिने फक्त तिच्या आईला सांगितलं. आईने फक्त माझ्या सासऱ्यांना सांगितलं.

आमचे सासरे, मी त्यांना मामा म्हणतो, तेलगावचं बडं प्रस्थ. शेती आहे, राजकारण आहे, आवाज आहे. त्यांनी चौकात बॅनर लावला. मधोमध माझा फोटो, भोवती पन्नासेक शुभेच्छुकांचे, काही माझ्यापेक्षा मोठे. वर लिहिलेलं, विश्वविक्रमी संशोधक, आणि नावामागे 'डॉ.'! सत्कार ठरला मॅडम यायच्या दिवशी आणि प्रमुख पाहुण्या म्हणून छापल्या होत्या मॅडम. त्यांना पत्ता नाही.

मी घाबरून फोन केला, मामा, अजून पीएचडी झाली नाही.

"हुईल की," मामा म्हणाले. "बॅनर काय दोनदा छापायचा का?"

मॅडम सकाळी केजला आल्या. चंबू उजेडात धरून बघितले, सूक्ष्मदर्शकातून बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, पहिल्या पायरीपासून सगळं करून दाखवा. मी उत्साहाने परसात गेलो, पाटावर बसलो, राखेत काथ्या बुडवला आणि चंबू घासायला लागलो. चकाकी बघा मॅडम, असंही म्हणालो.

त्यांनी विचारलं, "प्रकाश, तुम्ही वर्गात खतं शिकवता ना? राखेत काय असतं?"

शिकवायची सवय, तोंड आपोआप सुरू झालं. "पालाश असतं मॅडम, चुना असतो, थोडा फॉस्फ..."

चंबू हातातून सुटला. तो फुटल्याचा आवाजसुद्धा मला नीट आला नाही. ज्यांना उपाशी मारायचं होतं, त्यांना मी स्वतःच्या हातांनी घास भरवत होतो. जितकं जास्त घासत होतो तितकं जास्त वाढत होतो त्यांना! आणि तिकडे तेलगावात मंडप उभा होता.

मामांनी पाठवलेल्या जीपमध्ये मी मॅडमना बॅनरची गोष्ट सांगितली. त्यांचा चेहरा बघवेना. बोलायचं की नाही ते तुम्ही ठरवा, असं त्या म्हणाल्या, पण हा सत्कार घेतलात तर प्रबंधावर सही मागायला येऊ नका. शेजारी सुरेखा खिडकीबाहेर बघत होती.

मंडपामागे मामांना गाठून सगळं सांगितलं. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. मग दबक्या आवाजात म्हणाले, "आता तोंड उघडू नका जावईबापू. समदा गाव बसलाय. त्या राखेचं आपण नंतर बघू."

इकडे सही, तिकडे सासरा. मी माईकपाशी गेलो आणि सगळं सांगून टाकलं, राखेसकट. पुढच्या रांगेतले एक आजोबा उठले.

"म्हंजी ते उपाशी ठिवायचं हुतं, अन् तुमीच चारलं?"

मी म्हणालो, हो.

"मग सत्कार कावून?"

मामा ताडकन उठले आणि माझी शाल न् नारळ मॅडमच्या हातात दिला. मॅडम इतक्या दचकल्या, की त्यांनी तो घेतला.

मग पंगत बसली. आता आमच्याकडे जावयाला हाताला धरून पाटावर बसवतात. तो आपण होऊन कधी बसत नाही, बसला तर हसं होतं. म्हणून मी मंडपाच्या खांबाला टेकून उभा राहिलो, कुणीतरी म्हणेल, बसा पावणं. पहिली पंगत झाली. दुसरी झाली. मामा माझ्यासमोरून वाढप्यांना ओरडत गेले, आले, पण माझ्याकडे नजर नाही. मेव्हण्याकडे बघितलं, तो पाण्याचा जग घेऊन लांब गेला. सुरेखाकडे बघितलं. ती दुसरी पुरणपोळी तुपात बुडवत होती, आणि तिनेही मान वर केली नाही.

मॅडमना मात्र आग्रह चालला होता, नको नको म्हणेपर्यंत ताटात पोळी पडत होती. हात धुवून त्या माझ्यापाशी आल्या. माझ्याकडे बघितलं, मामांकडे बघितलं, आणि दिवसभरात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

"प्रकाश," त्या म्हणाल्या, "उपाशी कसं ठेवायचं, ते सासऱ्यांकडून शिकून घ्या. बघा, कुठूनही कणभरसुद्धा मिळत नाहीये."