आवाज सारखाच ठेवलाय

मी खोटं बोललो होतो. चूक झाली, असं म्हणून मी कित्येक वर्षं स्वतःला सांभाळून घेतलं. पण चूक नकळत होते, आणि मला कळत होतं.

परभणीत एका कापडदुकानाच्या वरच्या खोलीत माझा रेकॉर्डिंगचा छोटा स्टुडिओ आहे. भिंतींना गोधड्या ठोकल्यात, खिडकी विटांनी बुजवलीय, तरी खालच्या ऑटोचा हॉर्न आत येतोच. देवाची गाणी, लग्नाची गाणी, निवडणुकीच्या घोषणा, जे येईल ते करतो. शाळेपासूनचा एक मित्र सेलूहून गिटार घेऊन यायचा. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात तो वाजवायचा, त्यावरच त्याचं घर चालायचं. माझ्याकडच्या गाण्यांतली गिटारही त्याचीच.

गिटारचा मोठा ॲम्प, म्हणजे आवाज वाढवणारा स्पीकरचा खोका, आमच्याकडं कुणाजवळच नव्हता. तो घुमवला असता तर कापडदुकानदारानं मला जिन्यावरून खाली लोटलं असतं. त्याऐवजी एक डिजिटल पेटी मिळते. गिटार तिच्यात जोडली की ती अशा ॲम्पांचा आवाज काढते आणि सरळ कॉम्प्युटरला देते. आम्ही तिला प्रोसेसर म्हणतो. मित्राचा प्रोसेसर जुना होता. त्याचं एक बटण अडकायचं, ते तो अंगठ्यानं दाबून धरायचा. मी नवा घेतला, जड, रंगीत पडद्याचा. बायको म्हणाली होती, ‘‘जुन्यानं गाणी व्हायलीत की. हे कशाला?’’ नव्याचा आवाज सरस आहे, हे तिला दाखवायचं राहिलं होतं. ते मी दुसऱ्याच माणसाच्या जिवावर दाखवलं.

आमच्या गल्लीतल्या महादेवाच्या देवळात सोमवारी भजन असतं. त्या मंडळाला आपली गाणी रेकॉर्ड करायची होती. हार्मोनियमची पेटी वाजवणारे आणि गाणारे होते एक निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे सर म्हणतात. तबल्याला होता तो लग्नाच्या ऑर्केस्ट्राची माणसंही जमवायचा. नव्या पोरांनी ऐकावं म्हणून सरांनाच गिटार हवी होती.

मित्रानं एकच तुकडा आधी त्याच्या प्रोसेसरमधून वाजवला, मग माझ्या. कुठला घ्यायचा ते मंडळानं ठरवावं, ही माझीच कल्पना. बाकीची वाद्यं बंद करून मी नुसती गिटार ऐकवली. माझ्या प्रोसेसरचा आवाज थोडा वर होता. आवाज किती मोठा ते दाखवणाऱ्या पडद्यावरच्या हिरव्या पट्ट्या मला दिसत होत्या. जो आवाज जरा मोठा, तो कानाला जास्त चांगला वाटतो. हा धंदा करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं, आणि दोन आवाज तोलायचे तर आधी ते समान करायचे असतात. माझा हात आवाज कमी-जास्त करायच्या बटणापर्यंत गेला, आणि मी तो मागं घेतला.

‘‘एखादा कमी-जास्त तर नाही ना?’’ सरांनी विचारलं.

‘‘नाही सर. आवाज सारखाच ठेवलाय.’’

मित्रानं माझ्याकडं पाहिलं. मग हसून म्हणाला, ‘‘नुसता ठेचा चाखून काय कळतंय? भाकरीसंगं खाऊन बघा की. गाण्यात लावून ऐकवा.’’

तबलजी म्हणाला, ‘‘भाकरी कशाला? तुझा डबा पत्र्याचा हाय राव! पत्र्यावर पाऊस पडायलाय असं वाटतंय.’’

सगळे हसले. मीही हसलो.

गाण्यांत माझ्याच प्रोसेसरची गिटार गेली. झालं एवढंच. पण तबलजी लग्नाच्या प्रत्येक मांडवात असायचा. ‘पत्रा आला का रे?’ असं तो विचारू लागला, मग ऑर्केस्ट्रातली पोरंही. थट्टाच होती. तरी ज्याचं नाव पत्रा त्याला कोण बोलावणार? बोलावणी आटली. माझा प्रोसेसर लग्नात न्यायला मी त्याला कधी दिला नाही, त्यानं मागितलाही नाही. एका हंगामात तो सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागल्याचं कळलं. मी म्हणालो, बरं झालं, पक्कं काम आहे. हे मी खरंच म्हणालो होतो.

गेल्या उन्हाळ्यात मंडळाला तीच गाणी मोबाइलवर टाकायची होती. मी जुनं काम उघडलं. दोन्ही गिटारी तशाच होत्या. मी त्यांचा आवाज समान केला, आणि पेटी, तबला, टाळ, सरांचा गळा, सगळं चालू ठेवून आलटून पालटून ऐकल्या. माझ्या प्रोसेसरमधली गिटार भरदार होती. ती सरांच्या पेटीवर चढून बसत होती, शब्द झाकून टाकत होती. त्याची गिटार पातळ होती, आणि त्या पातळपणामुळंच ती सुरांच्या मधल्या जागेत उभी होती. तिच्याबरोबर सरांचा शब्द न् शब्द कळत होता. मी ते पुन्हा पुन्हा लावलं. प्रत्येक वेळी वाटे, माझं ऐकणं चुकत असेल. चुकत नव्हतं.

मी हेडफोन घेऊन सेलूला गेलो. जिनिंगच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर तो आला. डोक्यावर, भुवयांवर कापसाचे तंतू. मी तेच गाणं दोन्ही गिटारींसह ऐकवलं. त्यानं डोळे मिटून ऐकलं, आणि मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत बसलो.

‘‘दोन्ही सारखेच वाटायलेत,’’ तो म्हणाला.

‘‘नीट ऐक. तुझा बारीक आहे.’’

‘‘बारीक आवाज आता येतच न्हाई मला. मशिनीपाशी उभं राहून कान गेले. टाळ वाजायलेत का यात?’’

टाळ वाजत होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

पुरावा म्हणून मी जे घेऊन गेलो होतो, ते त्याला ऐकूच येत नव्हतं. मग मला तोंडानं सांगावं लागलं. हिरव्या पट्ट्या, बटण, मागं घेतलेला हात.

‘‘म्हंजे तुला तवाच ठाऊक होतं?’’

‘‘होतं.’’

‘‘मला वाटलं, आपलाच हात गेला. गिटार इकून टाकली मी.’’ त्यानं चहा तसाच खाली ठेवला. ‘‘मग आता मला कामून सांगायलास? पत्रा म्हणून मी हसलो होतो का? ज्यायच्यासमोर बोललास, त्यायच्यासमोर बोल.’’

पुढच्या सोमवारी तो परभणीला आला. येईल असं मला वाटलं नव्हतं. देवळात मागच्या खांबाला टेकून बसला. तबलजीनं त्याला पाहिलं आणि सवयीनं ओरडला, ‘‘अरे पत्रा! लय दिवसांनी!’’ आरती झाली. सर पेटी मिटत होते. मी उभा राहिलो.

‘‘काय, भाषण हाय का?’’ तबलजी म्हणाला.

मी सुरुवात केली. आवाज खालीच ठेवला होता. मागून मित्रानं कानाला हात लावला.

‘‘मोठ्यानं बोल. मला ऐकू येत न्हाई.’’

मग मी देवळाबाहेर जाईल एवढ्या मोठ्यानं बोललो. ‘‘सर, त्या दिवशी आवाज सारखा नव्हता. माझ्या प्रोसेसरचा मी वर ठेवला होता, आणि तुम्ही विचारल्यावर खोटं बोललो. याचा आवाज पत्रा नव्हता. तुमच्या गाण्याला याचाच आवाज बरोबर होता. माझ्यामुळं याचं वाजवणं सुटलं. माझ्यामुळं हा त्या मशिनीपाशी गेला, आणि याचे कान गेले. मला यातलं काहीच परत आणून देता येत नाही. दोस्ता, मला माफ कर.’’