पुलावरच्या बाईचा दुसरा शेवट

मेसेज गेला आणि मग स्क्रूने वर ग्रुपचं नाव वाचलं. पाठवायचा होता एकट्या सिस्टरला, गेला होता सगळ्या ग्रुपवर.

स्क्रू म्हणजे बाजारातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातला पोरगा. फोन उघडला की त्याचे बारीक स्क्रू ओठांत धरून बसायची त्याला खोड, त्यावरून हे नाव पडलेलं. पुस्तकांचा ग्रुप त्यानेच काढला होता. आवडलेलं पुस्तक निवडायचं, त्याच्या पहिल्या पानाचा फोटो टाकायचा, खाली आपल्याला ते का आवडलं ते लिहायचं. नियम एकच, आणि तोही त्यानेच केलेला: शेवट कुणी सांगायचा नाही. जो सांगेल त्याची हकालपट्टी. आता हकालपट्टी करणार कोण आणि करायची कुणाची, असा पेच होता.

पुस्तकही त्यानेच ग्रुपवर सुचवलेलं. एका पुलावर टोलनाका सांभाळणारी बाई असते, तिचा धाकटा भाऊ एके दिवशी न सांगता निघून जातो, आणि ती नाक्याचा दांडा कायमचा वर करून त्याच्या शोधात निघते, अशी ती जाड कादंबरी. सिस्टरने, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या नर्सने, ती नुकतीच वाचून संपवली होती आणि शेवटावर तिला स्क्रूशी भांडायचं होतं. त्या भांडणातलं स्क्रूचं उत्तर ग्रुपवर जाऊन पडलं. त्याने ते लगेच पुसलं. दोघाचौघांनी वाचलं होतं, त्यांनी यथेच्छ चिमटे काढले. प्रकरण मिटलं असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर दुकानात आली. हातात बिघडलेला फोन नव्हता, त्यावरून स्क्रूने काय ते ओळखायला हवं होतं.

"काल कवळीकाकांच्या घरी होते मी," ती म्हणाली. "काकूंना इंजेक्शन द्यायला. तुझा मेसेज आला तेव्हा."

"पुसला की लगेच."

"त्यांचा फोन वाचून दाखवतो, स्क्रू. तूच करून दिलंयस ना ते?"

स्क्रूने ओठांतले स्क्रू काढून टेबलावर ठेवले.

कवळीकाका दातांचे डॉक्टर नव्हेत. डॉक्टर तोंडाचा साचा घेऊन पाठवत, काका त्यावरून कवळी बनवत. राहत्या घराची पुढची खोली हाच त्यांचा कारखाना. फळीवर जबडे ओळीने मांडलेले, आणि खुर्ची, पंखा, घड्याळ, काकांच्या भुवया, सगळ्यांवर प्लास्टरची पांढरी भुकटी. अर्ध्या गावाचं हसू आपल्या हातचं आहे, असं ते म्हणायचे, पण त्यातलं एकही तोंड त्यांनी पाहिलेलं नव्हतं. रस्त्यात कुणी म्हातारं दिलखुलास हसलं की काका थबकत आणि त्या माणसाकडे न बघता त्याच्या दातांकडे बघत. त्यावरून एकदोन बायकांनी त्यांना झापलंही होतं.

लग्न झाल्यापासून काकांचे हात भुकटीत आणि काकूंच्या हातात पुस्तक, असा त्या घरचा रिवाज होता. काकू दाराशी बसून मोठ्याने वाचत, काका दात लावत. ग्रुपवर काका ज्या पुस्तकांवर ऐटीत लिहीत, त्यातलं एकही त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेलं नव्हतं. सगळी काकूंच्या आवाजात ऐकलेली. मग काकू अंथरुणाला खिळल्या, धाप लागू लागली, आवाज बसला. तेव्हा काकांनी स्क्रूला विचारलं होतं, की हात कामात असताना निदान आपल्या ग्रुपवरचं तरी ऐकू येईल अशी काही सोय होते का. स्क्रूने त्यांच्या फोनमध्ये आलेला मेसेज आपोआप वाचून दाखवणारं अ‍ॅप टाकून दिलं, आवाज मोठा केला, आणि पाठ थोपटून घेतली.

सिस्टरने सगळं सविस्तर सांगितलं. काकूंचं दुखणं बरं होणारं नव्हतं आणि हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गोळ्या त्यांना नकोशा झाल्या होत्या, घासही. म्हणून एक सौदा ठरला होता: संध्याकाळी काका त्या कादंबरीचं एक प्रकरण वाचणार आणि त्या बदल्यात काकू चार घास खाऊन गोळ्या घेणार. काकांचं वाचन म्हणजे खडीच्या रस्त्यावरची सायकल, पण काकू कानांत प्राण आणून ऐकत. दिवसभर त्यांचं डोकं त्या पुलावरच्या बाईच्या मागे असे. सिस्टरला विचारत, काय वाटतं, सापडेल का गं भाऊ. अशात काल काकूंच्या उशापाशी ठेवलेल्या काकांच्या फोनमधली बाई सपाट आवाजात बोलली, "भाऊ सापडतो. पण ती ओळख न देता परत फिरते. रडणारा चेहरा. रडणारा चेहरा."

मेसेजमधली रडकी चित्रंसुद्धा तिने सोडली नाहीत. मग काकू म्हणाल्या, कळलं एकदाचं, आता मिटा ते पुस्तक. संध्याकाळी त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. घास नाही, गोळी नाही.

स्क्रू दुकान तसंच टाकून काकांकडे गेला. वाटेत त्याने माफीची चार वाक्यं जुळवली होती. काका एका जबड्यावर मेणात दात बसवत होते. त्यांनी वर न बघता त्याला बसायला सांगितलं आणि वाक्यं बोलूच दिली नाहीत.

"मी तिला सांगितलंय, त्या पोराने पुस्तक वाचलेलंच नाही. अर्धवट चाळलं आणि उरलेलं कुणाचं तरी ऐकून ठोकून दिलं."

स्क्रूचा चेहरा पडला. ग्रुपमध्ये त्याची एवढी एकच इज्जत होती.

"त्यांना पटलं?"

"सकाळी गोळी घेतली. म्हणाली, मग खरा शेवट काय? मी म्हटलं, वाचू तेव्हा कळेल." काकांनी एक दात काढून पुन्हा लावला. "तो आता तू लिहायचा."

स्क्रू म्हणाला, आपण आयुष्यात 'डिस्प्ले गेलाय, उद्या या' याच्यापलीकडे काही लिहिलेलं नाही. दुसरं काहीही सांगा, जन्मभर फोन फुकट दुरुस्त करतो.

"मी पण दात उगवून देत नाही," काका म्हणाले. "बसवतो."

छापलेली काही प्रकरणं अजून वाचायची होती, तेवढीच सवड. स्क्रू दुकानातल्या काउंटरवर लिहायला बसला. पहिल्या प्रयत्नात त्याने बाईला भाऊ गाठून दिला, दोघांना गळ्यात गळे घालून रडवलं आणि वर पाऊसही पाडला. फोनवरून काकांना पाठवलं. काकांनी बोलावून घेतलं.

"दात फार पांढरे झालेत," ते म्हणाले. "शेजारच्यांशी रंग जुळत नाही. ती हसली की सगळ्यांना कळेल."

दुसऱ्या खेपेला म्हणाले, चावा बसत नाही, वरचं आणि खालचं एकमेकांना लागतच नाही. तिसऱ्या खेपेला त्यांनी त्याला एक जुनी कवळी हातात दिली आणि त्यातला एक दात दाखवला, किंचित वाकडा. हा मुद्दाम वाकडा ठेवलाय, म्हणाले. माणसाचा होता तसा. सगळे सरळ लावले की तोंड परक्याचं होतं. स्क्रूने घरी जाऊन कादंबरी पुन्हा पहिल्यापासून वाचली, आता लेखकाच्या खोड्या टिपत. ती बाई बोलताना उत्तर टाळते आणि प्रश्न विचारते. रस्ता चुकली तर कुणाला विचारत नाही. राग आला की बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधते. चौथ्या खेपेला त्याने भाऊबिऊ बाजूला ठेवले आणि फक्त तिला एका वळणावर नाड्या बांधायला लावल्या. काका ते वाचताना एकदाच अडखळले. "हे बसेल," म्हणाले.

मग रोज तेच चाललं. ज्या प्रकरणात भाऊ सापडायचा तिथून स्क्रूने वाट वळवली. दुपारी तो लिही, काका फोन उघड्या पुस्तकाच्या आत ठेवून संध्याकाळी वाचत. वाचून दाखवणारं अ‍ॅप अर्थातच काढून टाकलं होतं. काकू जेवत होत्या, गोळ्या घेत होत्या. सिस्टरने सांगितलं, त्या आता विचारतात, हा लेखक मध्येच एवढा सुधारला कसा. स्क्रू त्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकांशी फारच गोड बोलला.

एकदा काकांच्या फोनच्या चार्जिंगच्या भोकात भुकटी गेली. स्क्रूने ती साफ करून दिली आणि फोन परत द्यायला तो घरी गेला, तर काका कवळी पोचवायला दवाखान्यात गेलेले. आतून हाक आली.

काकू उशांना टेकून बसल्या होत्या. त्यांचं सगळं शरीर आटून डोळ्यांत आल्यासारखं झालं होतं. आवाज कागद फाटल्यासारखा.

"न वाचता शेवट सांगणारा तूच ना?"

"हो, काकू." काय करणार. कबूल करणं भाग होतं.

"बस. खुर्चीवरची भुकटी झटक आधी." त्याने झटकली, निम्मी त्याच्या शर्टावर आली. काकू थोडा वेळ श्वास गोळा करत राहिल्या. "आमचे हे पान उलटताना जिभेला बोट लावतात. किती बोलले मी त्यावरून, प्लास्टर पोटात जातं. ऐकतील तर शप्पथ. आणि हल्ली बघते तर पान उलटतात कोरड्या बोटाने. कारण ते पान त्यांना वाचायचंच नसतं."

स्क्रूने खाली बघतच विचारलं.

"कधीपासून कळलं?"

"नाड्या बांधल्या तेव्हापासून. छान बांधल्या होत्यास. पण मी जन्मभर वाचलंय रे, मला हात बदललेला कळतो." त्यांनी त्याला पाण्याचा पेला द्यायला सांगितलं, ओठ ओले केले. "त्यांना सांगू नकोस. आयुष्यात पहिल्यांदाच मला फसवलंय त्यांनी, आणि एवढं मन लावून. राहू दे तसंच."

स्क्रूने मान हलवली. मग न राहवून विचारलं, शेवटी काय व्हावं असं त्यांना वाटतं, ते सांगितलं तर तसं लिहू.

"शेवट कुणी सांगायचा नाही हा नियम तुझाच आहे ना? पाळ की जरा." त्या हसल्या, त्यात खोकला आला, सावकाश थांबला. "एक कर फक्त. त्या बाईला कुठेतरी बसव. पहिल्या पानापासून चालतेय बिचारी."

त्या दिवशी स्क्रूने गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून परत पाठवलं आणि बसण्याचं प्रकरण लिहिलं. एका अनोळखी घराच्या ओट्यावर बाई टेकते. घरातली मालकीण काहीही न विचारता चहा आणून ठेवते आणि आत निघून जाते. बाई बूट काढते, पाय पुढे पसरते, आणि चहा निवेपर्यंत कुणाचाही विचार करत नाही. भावाचासुद्धा नाही. बाकी त्या प्रकरणात काही घडत नव्हतं. काका म्हणाले, यात दात एकही नाही, नुसती हिरडी आहे. पण वाचलं.

नंतर सिस्टरकडून कळलं. काकूंनी ते डोळे मिटून ऐकलं, आणि संपल्यावर म्हणाल्या, बसली एकदाची. मग काकांना म्हणाल्या, उद्या हेच परत वाचा. दुसऱ्या दिवशी काकांनी तेच वाचलं, तिसऱ्या दिवशीही. पुढचं प्रकरण स्क्रू लिहीत होता, पण कुणी मागितलं नाही. त्याच आठवड्यात, सकाळी, काका साचा ओतत असताना काकू गेल्या. काकांचा हात प्लास्टरमध्ये होता. धुऊन आत जाईपर्यंत ते बोटांवर आवळलं होतं, असं ते पुढे एकदाच बोलले, पुन्हा नाही.

बरेच दिवस काका ग्रुपवर गप्प होते. मग एक दिवस त्यांनी त्या कादंबरीच्या पहिल्या पानाचा फोटो टाकला. पानाच्या कडेला बोटांचे पांढरे ठसे होते. खाली लिहिलं होतं: हे पुस्तक मी स्वतः वाचलं. याला दोन शेवट आहेत. एक छापलेला आहे. दुसरा आपल्यातल्या एकाकडून यायचा आहे.

ग्रुपमध्ये चौकशा सुरू झाल्या, कोण, कुठली आवृत्ती, कुठे मिळते. स्क्रूने फोन उलटा करून ठेवला.

एकदोन दिवसांनी काका दुकानात आले. फोन काउंटरवर ठेवून म्हणाले, ते वाचून दाखवणारं परत टाकून दे. घरात फार शांत झालंय.

स्क्रूने टाकून दिलं. ओठांत स्क्रू होते, त्यामुळे बोलायची पंचाईत टळली. पण काकांनी जाता जाता विचारलंच.

"तिला काही कळलं होतं का रे?"

स्क्रूने स्क्रू काढून टेबलावर ठेवले. "नाही, काका. चावा पक्का बसला होता."

काकांनी मान डोलावली. समाधान वाटलं की नाही ते भुकटीखाली दिसलं नाही. "मग ते शेवटचं पाठव," ते म्हणाले. "सवडीने. मला छापलेला माहीत आहे, आपला माहीत नाही. हात कामात असतील, ऐकेन मी."

तेव्हापासून स्क्रू ग्रुपवर काहीही टाकायच्या आधी थांबतो, वाक्य मनात एकदा सपाट आवाजात म्हणून बघतो आणि हसरे चेहरे पुसून टाकतो. आपल्या पाळीला तो नवी पुस्तकं सुचवतो आणि काका त्यांच्यावर ऐटीत मत देतात. ते शेवटचं प्रकरण त्याच्या फोनमध्ये आहे, एका ओळीचं. चहा निवला आहे, बूट बाजूला पडले आहेत. बाईला आता उठवायला हवं. स्क्रू रोज दुपारी ती ओळ उघडतो, आणि बाई अजून बसलेलीच असते.