अर्जात माझ्यासाठी रकाना नव्हता

मी हर्णैच्या मासेमारांच्या घरातली. आमच्याकडे पुरुष समुद्रावर जातात, बायका मासळी विकतात. होडीवर बाई चढत नाही. मला तर बाजारातही बसू दिलं नाही. शिकून यातून बाहेर पड म्हणून कॅनडाला धाडलं. मी अकाउंटिंगचा डिप्लोमा केला, कोक्विटलामला एका बेसमेंटमध्ये राहिले, आणि पहिल्याच उन्हाळ्यात पार्ट-टाइम काम म्हणून नदीच्या मुखाशी सॅमन मासे धरणाऱ्या बोटीवर चढले. ती उतरलेच नाही. अकरा वर्षं झाली.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती ओरडलीच. "अगो, इथे कधी होडीत पाय ठेवला नाहीस आणि तिथे जाऊन जाळी ओढतेस?"

बोटीवर आम्ही दोघंच. कॅप्टन सत्तरीला टेकलेला, त्याचा आजाही याच नदीच्या मुखाशी जाळं टाकायचा. तो बोट चालवायचा, मी जाळ्यातून मासे सोडवायची. हात सोलवटून निघायचे. पण मासे कमी होत गेले, तशी सरकार मासेमारीला परवानगी देई ते दिवसही कमी होत गेले. एका वर्षी तर आम्ही महिनाभर जाळी दुरुस्त केली आणि पाण्यात दोनच दिवस गेलो.

मग योजना आली. मासेमारीचा परवाना कायमचा परत करायचा आणि भरपाई घ्यायची. "तू हिशेब शिकलीयेस, तूच भर," म्हणत कॅप्टनने अर्ज माझ्यापुढे टाकला. मी तो तीनदा वाचला. त्यात परवाना होता, बोट होती, परवानाधारकाचा पत्ता होता. जाळं ओढणाऱ्या माणसाचा उल्लेख कुठेच नव्हता.

अधिकाऱ्यांनी माहिती द्यायला सभा बोलावली, तिथे मी कॅप्टनबरोबर गेले. हॉलमध्ये सगळे पांढऱ्या केसांचे परवानाधारक. प्रश्न विचारायची वेळ आली तशी मी उभी राहिले.

"बोट बंद झाली की माझंही काम बंद होणार. मला काय मिळणार?"

अधिकारी तरुण होता, सभ्यही होता. म्हणाला, "ही योजना परवानाधारकांसाठी आहे, मॅडम."

"पण मासे परवाना धरत नाही. मी धरते."

मागे कोणीतरी टाळी वाजवली, मग बऱ्याच जणांनी. अधिकाऱ्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं. मी बसले नाही. "नीट लिहा," म्हटलं, "आणि काय लिहिलंत ते वाचून दाखवा." त्याला वाचून दाखवावं लागलं.

कॅप्टनने अर्जाला स्वतःच्या हाताने लिहिलेला एक कागद जोडला: या बाईने माझ्याबरोबर अकरा वर्षं काम केलं आहे, तिचाही विचार व्हावा. उत्तर आलं, तसं योजनेत बसत नाही.

तो भडकला. "मग मीही सही करत नाही. फाडून टाकतो."

त्याचा गुडघा कामातून गेला होता. शिडी चढताना तो दात आवळायचा, ते मला रोज दिसत होतं. मी म्हटलं, "कॅप्टन, माझ्यासाठी गुडघा झिजवू नका. सही करा."

"मग माझ्या भरपाईतले थोडे घे."

"तुमच्याकडून नको. ज्यांनी द्यायला हवं, त्यांच्याकडे मी मागत राहीन. तुम्ही फक्त ओळखीच्या कॅप्टनांकडे माझ्यासाठी शब्द टाका."

त्याने सही केली आणि दुसऱ्याच दिवशी काठी टेकत धक्क्यावर मला घेऊन फिरला. दोघांनी नाही म्हटलं. एकाने तर बाई नको असं तोंडावर सांगितलं. तिसऱ्याने माझे तळहात बघितले आणि विचारलं, कधीपासून येतेस?

गणपतीत आमच्या मराठी मंडळींपैकी एकाने आपुलकीनेच विचारलं, "सरकारच म्हणतंय सोडा, तर तुम्ही का नाही सोडत? डिप्लोमा आहे, ऑफिसात अप्लाय करा."

"सोडायचे पैसे त्यांनी इतरांना दिले," मी म्हटलं. "मला कोणी विचारलंच नाही. म्हणून मी सोडलं नाही."

नव्या बोटीवर मी चौथी. पहिल्या दिवशी तिघं माझ्याकडे बघत होते, बाई किती वेळ टिकते म्हणून. जाळं भरून वर आलं. मी बाह्या वर केल्या आणि त्यांच्या आधी हात घातला.